प्रगतिपुस्तक आणि राहुलचा आरसा

(बुद्ध पौर्णिमेनिमित्त मंडळाच्या विहारात झालेल्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)





मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला सांगितले की, आज गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आहे, तेव्हा चार शब्द मुलांना सांगा. मी त्यांना म्हणालो, मुलांना सांगणारे पुष्कळ आहेत. घरी आईबाप सांगतात, शाळेत गुरुजी सांगतात, जयंतीच्या व्यासपीठावरून पुढारी सांगतात. मला या वेळी पालकांशी बोलू द्या. कारण मुलाच्या वर्षाचा निकाल लागतो, त्या दिवशी खरे म्हणजे दोघांचा निकाल लागलेला असतो. एक मुलाचा आणि दुसरा आपला. मुलाचा निकाल कागदावर छापून मिळतो. आपला निकाल आपल्यालाच काढावा लागतो आणि म्हणूनच तो बहुतेक घरांत कधी लागतच नाही.

आपल्या घरांत निकालाच्या दिवशी काय होते ते आठवून पाहा. महाराष्ट्र दिनाच्या सुमारास मूल शाळेतून प्रगतिपुस्तक घेऊन येते. बाप विचारतो, "किती पडले?" आकडा बरा असला तर पेढे येतात. आकडा कमी असला तर आरडाओरड होते, कुठे हातही उचलला जातो. शेजारच्या मुलाचे नाव निघते. संध्याकाळपर्यंत हे चालते आणि मग ते प्रगतिपुस्तक कपाटातल्या पिशवीत, रेशनकार्डाच्या शेजारी जाऊन पडते. ते बाहेर निघते एकदम पुढल्या वर्षी. मधल्या दीड महिन्यात लग्नकार्ये होतात, गावाला जाणे होते. जूनमध्ये नवी पुस्तके येतात आणि जुने दुखणे घेऊन मूल नव्या वर्गात जाऊन बसते.

मी पस्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवले. हजारो प्रगतिपुस्तकांवर सह्या केल्या. त्या अनुभवावरून सांगतो, प्रगतिपुस्तकातला सर्वांत कमी वाचला जाणारा भाग म्हणजे उपस्थितीचे दिवस आणि सर्वांत जास्त वाचला जाणारा भाग म्हणजे शेवटचा आकडा. वास्तविक दुखणे कुठे आहे ते पहिल्यातून कळते. शेवटच्या आकड्यातून फक्त ताप किती आहे तेवढे कळते.

आकड्याविषयी बोलतोच आहे, तर बाबासाहेबांचेच उदाहरण देतो. बाबासाहेब १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. शेकडा अडतीसदेखील भरत नाहीत. आज एवढे गुण घेऊन मुलगा घरी आला तर आपण काय बोलू, हे प्रत्येकाने मनात म्हणून पाहावे. पण सुभेदार रामजीबाबांनी त्या आकड्यावरून मुलाची किंमत केली नाही. परळच्या चाळीतली एकच खोली. त्यातच चूल, त्यातच भांडीकुंडी, त्यातच सगळे कुटुंब. रामजीबाबा मुलाला लवकर झोपवत आणि स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोन वाजता मुलाला उठवून अभ्यासाला बसवत आणि मग स्वतः पाठ टेकत. पुस्तके हवी झाली आणि हातात पैसे नसले, तर लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने मागत. मुलीकडे पैसे नसले तर तिचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवून देत. सैन्यातल्या शाळेत शिक्षक राहिलेला हा बाप होता. आपल्या मुलाला वेळ कोणता लागतो, जागा कोणती लागते, पुस्तक कोणते लागते, हे त्याला माहीत होते. मुलाला किती पडले हे सांगू शकणारे बाप आपल्यात पुष्कळ आहेत. मुलाला काय लागते हे सांगू शकणारे किती?

आता मी आजच्या दिवसाला धरून एक प्रसंग सांगतो. मज्झिम निकायात राहुलाला केलेला एक उपदेश आहे. राहुल हा तथागतांचा पुत्र. तो लहान वयात संघात आला होता. म्हणजे हा उपदेश एका अर्थाने बापाने मुलाला केलेला आहे. तथागत त्याला विचारतात की, आरसा कशासाठी असतो? राहुल सांगतो की, पाहण्यासाठी, तपासण्यासाठी. तेव्हा तथागत त्याला समजावतात की, त्याचप्रमाणे आपले प्रत्येक कर्म तपासून पाहिले पाहिजे. करण्याआधी पाहावे, करीत असताना पाहावे आणि करून झाल्यावरही पाहावे. याने माझे वा दुसऱ्याचे अहित तर होत नाही ना, हे पाहावे. अहित झालेले दिसले तर ते जाणत्या माणसापाशी उघड करावे आणि पुढे तसे होऊ नये म्हणून सावध राहावे. हित झालेले दिसले तर त्या आनंदात आणखी पुढे जावे.

या उपदेशात शिक्षा कुठेच नाही, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. त्यात पाहणे आहे, कबुली आहे आणि सावधपणा आहे. बुद्धाने मुलाच्या हातात छडीचा धाक दिला नाही, आरसा दिला. आणि बंधूंनो, आरशाचा गुण असा की तो ज्याच्या हातात असतो, त्यालाही त्यात आपले तोंड दिसते.

आता मी माझे तोंड त्या आरशात पाहून सांगतो. सांगायला जड जाते, पण विहारात बसून खोटे बोलायचे नसते.

माझा मुलगा चौथीत असताना, १९९३ साली दिवाळीनंतर विषमज्वराने आजारी पडला. दीड महिना शाळा बुडाली. तो बरा झाला, परीक्षेला बसला, पास झाला. आम्ही विहारात येऊन दान दिले, जेवण घातले. पास झाला, मग आणखी काय पाहायचे? पाचवी गेली, सहावी गेली, गणिताचे गुण दर वर्षी थोडे थोडे खाली येत होते. मी म्हणे, आळशी झालाय, खेळाकडे लक्ष फार. सातवीच्या वार्षिक परीक्षेत तो गणितात नापास झाला. मी शिक्षक. गावातली माणसे मला गुरुजी म्हणत. मला वाटले, याने माझी अब्रू घालवली. त्या दिवशी मी त्याला पट्ट्याने मारले. त्याची आई मध्ये पडली म्हणून थांबलो. त्यानंतर तो माझ्यासमोर कधी गणिताची वही उघडून बसला नाही. दहावीला गणितात एकदा राहिला, ऑक्टोबरच्या परीक्षेत निघाला. पुढे आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड केला. हाताला काम आहे, संसार नीट आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. कोणतेही प्रामाणिक काम कमी नाही.

पण गेल्या वर्षी तो आपल्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला, अपूर्णांक शिकवायला बसला. भाकरीचे तुकडे करून दाखवत होता. नात पाचवीत आहे. मी शेजारी पेपर वाचत होतो. तुकडे करता करता तो थांबला आणि शांतपणे म्हणाला, "अण्णा, मला हे कोणी शिकवलंच नव्हतं. मी आजारातून उठून शाळेत गेलो तेव्हा बाई अपूर्णांक संपवून पुढं गेल्या होत्या. मला वाटलं, सगळ्यांना येतं, मलाच येत नाही. म्हणून विचारलं नाही."

मित्रहो, पंचवीस-तीस वर्षांनी मला त्याचे दुखणे कळले. दुसऱ्यांच्या मुलांची पाटी तपासणारा मी, माझ्या मुलाची चौथीची वही मी एकदाही उघडली नव्हती. त्या दीड महिन्यात कोणते पाठ झाले, एवढे त्याच्या बाईंना विचारले असते आणि पंधरा दिवस रोज अर्धा तास त्याच्याजवळ बसलो असतो, तर पुढची तीन वर्षे वाया गेली नसती. तो इंजिनीअर झाला असता असे मी म्हणत नाही. पण आपण मठ्ठ आहोत, ही समजूत घेऊन तो वाढला नसता. ते नुकसान मी केले. निकालाच्या दिवशी नापास मी झालो होतो, मार त्याने खाल्ला.

हे एकट्या माझ्या घरातले नाही. गणित हा विषय जिन्यासारखा आहे. अपूर्णांक आला नाही की शेकडेवारी येत नाही. शेकडेवारी नाही की सरळव्याज नाही. गुणोत्तर-प्रमाण नाही, मग बीजगणिताचे समीकरण म्हणजे नुसती अक्षरे. मूल सातवीत पडलेले दिसते, पण त्याचे पाऊल चौथीच्या पायरीवरून घसरलेले असते. वाचनाचेही असेच. दुसरी-तिसरीत वाचन अडखळले की पुढे इतिहास अडखळतो, विज्ञान अडखळते आणि गणितातले शाब्दिक उदाहरणही अडखळते. मग आपण म्हणतो, सगळ्याच विषयांत कच्चा आहे. अहो, सगळ्या विषयांत नाही, एकाच वाचनात कच्चा आहे!

म्हणून माझी पालकांना पहिली विनंती अशी की, या मे महिन्यात प्रगतिपुस्तक पिशवीतून बाहेर काढा आणि मुलाला शेजारी बसवून पाच गोष्टी पाहा. समोर उभे करू नका, शेजारी बसवा.

पहिली गोष्ट, वर्षात शाळा किती दिवस बुडाली आणि कशामुळे बुडाली. आजारपणामुळे, गावच्या कार्यामुळे, की धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी? मोठ्या मुलीची शाळा आपल्याच सोयीसाठी बुडाली असेल, तर तो दोष तिच्या खात्यावर लिहू नका.

दुसरी गोष्ट, वाचन. 'प्रथम' या संस्थेकडून २००५ सालापासून 'असर' नावाची पाहणी होते. त्यात कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलाला आधी अक्षरे, मग शब्द, मग सोपा परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट वाचायला देतात. त्यासाठी काही खर्च नाही, मोठी विद्या लागत नाही. आपणही घरी हे करू शकतो. मूल पाचवीत असो की आठवीत, त्याच्यापुढे दुसरीचे पुस्तक ठेवा. जिथे अडेल तिथून सुरुवात करायची, मग वर्ग कोणता का असेना.

तिसरी गोष्ट, गणित. त्याच पाहणीत हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे, हे पाहतात. तेवढे आधी पाहा. त्याच्या पुढे अपूर्णांक. भाकरी आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे.

चौथी गोष्ट, शरीर. मूल वही डोळ्यांजवळ धरून वाचते का? हाक मारल्यावर ऐकत नाही, ते ऐकू येत नाही म्हणून तर नाही? रात्री झोप किती मिळते? सकाळी पोटात काही जाते का? फळा दिसत नसलेल्या किती मुलांना मी माझ्या नोकरीत सुरुवातीला निष्काळजी समजलो होतो, त्याची मोजदाद नाही.

पाचवी गोष्ट, मन. शाळेत कोणाची भीती वाटते का? कोणी नावावरून, आडनावावरून, वस्तीवरून चिडवते का? या गोष्टी मूल प्रगतिपुस्तकात लिहून आणत नाही. विश्वास वाटला तरच सांगते. आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या तरटावर बसले. आज तसे तरट कोणी अंथरत नाही, पण शब्दांचे तरट अजून अंथरले जाते. मुलाने असे काही सांगितले तर "दुर्लक्ष कर" म्हणून विषय मिटवू नका. शाळेत जाऊन शांतपणे, पण ठामपणे बोला.

आता कोणी माय म्हणेल, गुरुजी, मला अक्षर येत नाही, मी काय तपासणार? तिला मी एक पाहिलेली गोष्ट सांगतो. माझ्या एका शाळेत दुसरीतल्या मुलीची आई शेतमजुरीला जात असे. तिला सही येत नव्हती, अंगठा उमटवायची. ती एक दिवस मला म्हणाली, "गुरुजी, पोरगी वाचत न्हाई." मी म्हणालो, वाचते की, वर्गात घडाघडा वाचते. ती म्हणाली, "न्हाई. मी वरच्या वळीवर हात ठिवला आन् मधूनच वाच म्हनलं, तर गप बसली. तिला पाठ हाय, वाचता येत न्हाई." मी त्या मुलीला बोलावून मधली ओळ वाचायला सांगितली. आईचे म्हणणे खरे निघाले. चाळीस मुलांच्या वर्गात मला जे दिसले नव्हते, ते निरक्षर आईने हाताने पान झाकून शोधून काढले. तेव्हा अक्षर येत नाही ही सबब नाही. "आज शाळेत काय झालं ते मला समजावून सांग," एवढे रोज संध्याकाळी विचारले तरी पुरे. जे दुसऱ्याला समजावून सांगता येते, ते स्वतःला कळलेले असते. जिथे मूल अडखळते, तिथे त्याला मदत हवी असते.

आणि मुलाने उलट प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, त्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि त्या परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा आणि नागसेन हा उत्तर देणारा भिक्खू. ज्या समाजाच्या महाविद्यालयाचे नावच प्रश्न विचारणाऱ्यावरून आहे, त्या समाजाच्या घरात "जास्त शहाणपणा करू नकोस" हे वाक्य शोभत नाही. माझ्या मुलाने चौथीत प्रश्न विचारला नाही, कारण प्रश्न विचारला की आपले अज्ञान उघडे पडते, अशी हवा मी घरात ठेवली होती.

आता शाळेविषयी. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षण हा त्याचा हक्क झाला. त्याच कायद्याने शाळेत मारण्यास आणि मानसिक छळ करण्यास मनाई केली. तो कायदा आला तेव्हा मी मनात म्हणालो, हा माझ्या घरात पंधरा वर्षे आधी यायला हवा होता. पूर्वी आठवीपर्यंत नापास करायचे नाही, असा नियम होता. २०१९ साली केंद्राने तो बदलला आणि २०२३ साली महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. त्यात जो मागे राहील त्याला पुन्हा परीक्षेची संधी आहे. त्यातही राहिला तर त्याच वर्गात बसावे लागते. तेव्हा पाचवीत जाणाऱ्या मुलाच्या पालकांनी चौथीच्या निकालाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. ढकलत ढकलत पुढे जाण्याचे दिवस आता राहिले नाहीत.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. सरकारी आणि अनुदानित शाळेच्या या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्यापैकी किती जण आपल्या मुलाच्या शाळेच्या समितीत आहेत? जयंतीच्या समितीत नाव यावे म्हणून आपण भांडतो. या समितीच्या बैठकीला आपली खुर्ची रिकामी असते. शिक्षकांना भेटायला जाल, तेव्हा तक्रार घेऊन जाऊ नका, एक प्रश्न घेऊन जा. "माझ्या मुलाला कोणता एक भाग येत नाही आणि तो मी घरी कसा घ्यावा?" असे विचारणारा पालक शिक्षक कधी विसरत नाही. हे मी खुर्चीच्या पलीकडे बसलेला माणूस म्हणून सांगतो.

दीघ निकायातल्या सिगाल सुत्तात तथागतांनी गृहस्थाला सहा दिशांचा अर्थ सांगितला. आईवडील ही पूर्व दिशा आणि आचार्य ही दक्षिण दिशा. आईवडिलांनी मुलाला वाईटापासून आवरावे, चांगल्याकडे वळवावे, त्याला विद्या व कला शिकवावी, योग्य जोडीदाराशी त्याचे लग्न करून द्यावे आणि योग्य वेळी वारसा सोपवावा, अशी त्यांची कर्तव्ये सांगितली आहेत. यात लग्न आणि वारसा या दोन गोष्टी आपण कधी चुकवत नाही. लग्नासाठी कर्ज काढतो, प्लॉटसाठी कर्ज काढतो. विद्येसाठी मात्र क्लासची फी भरली की कर्तव्य संपले असे समजतो. क्लासला माझा विरोध नाही. पण बापाने आणि आईने जवळ बसण्याची अर्ध्या तासाची जागा कोणताही क्लास भरून काढत नाही. त्या अर्ध्या तासात टीव्ही बंद हवा आणि मोबाइल आपलाही बाजूला हवा. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा मोबाइल हीच शाळा झाली. शाळा उघडल्या, पण मोबाइल काही हातातून सुटला नाही. मुलाच्या हातातला सोडवायचा असेल तर आधी आपल्या हातातला खाली ठेवावा लागतो.

विद्यार्थी मित्रांनो, त्याच सुत्तात शिष्याचीही कर्तव्ये आहेत. गुरूचा आदर करावा, त्यांच्याजवळ जावे, शिकण्याची उत्सुकता ठेवावी, त्यांची सेवा करावी आणि दिलेली विद्या मन लावून घ्यावी. यातली उत्सुकता मला सर्वांत मोलाची वाटते. तुमच्याही हातात आरसा आहे. आज ज्यांचा सत्कार होत आहे त्यांनी त्यात पाहावे की, मला पाठ किती आहे आणि कळले किती आहे. ज्यांचा सत्कार होत नाही, जे मागच्या रांगेत मान खाली घालून बसले आहेत, त्यांना मी खास सांगतो. ७५० पैकी २८२ हा आकडा विसरू नका. निकाल म्हणजे एका वर्षाचा हिशेब आहे, तुमच्या आयुष्याचा न्याय नव्हे. न कळलेले विचारायला लाजू नका. एक तास लाज वाटेल, पण न विचारल्याची लाज माझ्या मुलाने पंचवीस वर्षे वाहिली. आणि पालकांनो, निकालानंतर घरात मूल गप्प गप्प असेल, जेवत नसेल, तर त्याला एकटे सोडू नका. उपदेश करू नका, नुसते जवळ बसा. गुण पुढल्या वर्षी मिळतील.

शेवटी मंडळासाठी तीन सूचना करतो.

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह काढले. हितकारिणी या शब्दाचा अर्थ त्यांनी असा कृतीने लावला. आपले मंडळही हितासाठीच आहे. तेव्हा पहिली सूचना अशी की, विहाराचे सभागृह जूनपासून रोज संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासिका म्हणून उघडे ठेवावे. ज्याच्या घरात एकच खोली आहे आणि तीत टीव्ही आहे, त्याला बसायला जागा मिळेल. कॉलेजातल्या मुलामुलींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी द्याव्यात. एक वही ठेवावी. कोणत्या मुलाचे वाचन कुठे अडले आहे, गणित कुठे अडले आहे, ते तीत लिहावे आणि दर पौर्णिमेला पाहावे. त्या वहीत गुण लिहू नयेत.

दुसरी सूचना कागदपत्रांची. दहावी-बारावीनंतर प्रवेशाच्या वेळी आपली धावपळ होते, ती आधी टाळता येते. १९९० साली घटनेच्या अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण सवलत कागदावर मिळते आणि कागद वेळेवर लागतो. जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला शोधायला उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाता, तेव्हाच वेळ काढा. आठवीत गेलेल्या, सरकारी वा अनुदानित शाळेतल्या मुलांनी आर्थिक दुर्बल घटकांसाठी असलेल्या एनएमएमएस परीक्षेला बसावे. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मंडळाच्या तरुणांनी फॉर्म भरायला मदत करावी.

तिसरी सूचना सत्काराची. बाबासाहेब शाळेत असताना त्यांच्या परीक्षेतल्या यशाबद्दल वस्तीतल्या लोकांनी समारंभ करायचे ठरवले. रामजीबाबा आधी तयार नव्हते. मुलाच्या डोक्यात हवा शिरेल, असे त्यांचे म्हणणे. लोक दादा केळुस्करांकडे गेले, त्यांनी रामजीबाबांना राजी केले आणि समारंभात स्वतः लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्या मुलाला भेट दिले. त्या मुलाने ते वाचले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काय घडले ते आपण सर्व जाणतो. एका शाळकरी मुलाला सत्कारात दिलेले एक पुस्तक कुठवर जाते पाहा! मग आपण सत्कारात ट्रॉफी आणि डबे का वाटतो? यापुढे पुस्तक द्या. आणि सत्कार पहिल्या आलेल्याचाच करू नका. जे मूल वर्षाच्या सुरुवातीला वाचू शकत नव्हते आणि आता वाचते, त्याला पहिल्या रांगेत बसवा. त्याच्या आईलाही बसवा.

माझे बोलणे संपवतो. माझी नात आता सहावीत जाईल. तिला अपूर्णांक येतात. तिच्या बापाने भाकरी मोडून तिला शिकवले आणि शिकवता शिकवता तोही शिकला. त्या संध्याकाळी मी त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही, भाकरीचा उरलेला चतकोर माझ्या हातावर ठेवला. अण्णा, हा एक चतुर्थांश, असे नात म्हणाली.

आपल्या घरी तीस वर्षे थांबू नका. आज घरी गेल्यावर ते प्रगतिपुस्तक काढा.

नमो बुद्धाय! जयभीम!